गुण भागिले खर्च

२ जानेवारी

आजपासून रोजनिशी. ही फक्त माझ्यासाठी. माणूस वर गेला की लोक विचारतात, सुरुवात कशी झाली, आणि ऐन वेळी काही आठवत नाही. म्हणून आत्ताच लिहून ठेवलेलं बरं.

काल मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. हॉस्पिटल त्यांचंच आहे. मला मूल्य अधिकारी केलं. पद नवीन. माझ्याआधी त्यावर कुणी नव्हतं, म्हणजे तुलनेचा प्रश्नच नाही.

सध्याची परिस्थिती अशी: कुठल्या पेशंटवर किती खर्च झाला हे तळमजल्यावर अकाउंट्सला माहीत. तो पेशंट कितपत बरा झाला हे तिसऱ्या मजल्यावर क्वालिटीवाल्यांना माहीत. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत आणि लिफ्ट नेहमी बंद. मी दोन्ही गोष्टी एकत्र मोजणार. कमी खर्चात जास्त बरा पेशंट. इतकी साधी गोष्ट आजवर एकाच्याही डोक्यात येऊ नये, याचं नवल वाटतं.

संकल्प: २० मार्चच्या बोर्ड मीटिंगमध्ये दणदणीत प्रेझेंटेशन. त्यानंतर उपसंचालक. रोज सहाला उठणे. चहा दोनदाच. चिडणे बंद.

३ जानेवारी

आठला उठलो. नवीन पदाचा ताण.

५ जानेवारी

सूत्र तयार. पेशंट घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्याला फोन करायचा आणि आमच्या सेवेला दहापैकी गुण विचारायचे. त्या गुणांना एकूण खर्चाने भागायचं. येईल तो आकडा म्हणजे मूल्यांक. तिसराच दिवस का, असं क्वालिटीच्या बाईंनी विचारलं. आठवण ताजी असते म्हणून, असं सांगितलं. (शिवाय २० मार्च तोंडावर आहे. पण ते त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.)

दुपारी सगळ्या डॉक्टरांसमोर समजावलं. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं की पेशंट दगावला तर काय. मी म्हणालो, मग तो फोन उचलणार नाही, म्हणजे मोजणीतच येणार नाही, आकड्याला धक्का नाही. हॉलमध्ये एकदम शांतता पसरली. पहिल्याच दिवशी एवढा प्रभाव पडेल असं वाटलं नव्हतं.

१२ जानेवारी

पहिला निकाल. सगळ्या हॉस्पिटलात वॉर्ड नंबर चार पहिला. इतका पुढे, की बाकीच्यांना जवळपास गुणच नाहीत. स्वतः बघायला गेलो. वॉर्ड रंगकामासाठी महिनाभर बंद आहे. पेशंट नाही, खर्च नाही, तक्रार नाही. कॉम्प्युटर शून्याने भागायला तयार नव्हता म्हणून मीच परवा खर्चाच्या जागी एक टाकला होता, आणि तक्रार नाही म्हणजे गुण दहा.

तरीही तत्त्व म्हणून प्रशस्तिपत्रक छापून घेतलं आणि वॉर्डच्या भिंतीवर लावलं. रंग ओला होता. मोठ्या साहेबांनी संध्याकाळी ते काढायला लावलं. रंगारी म्हणाला, पत्रकाच्या जागी चौकोन उमटलाय, पुन्हा एक हात मारावा लागेल, त्याचा खर्च वेगळा.

लोकांना यश पचत नाही, हेच खरं.

१३ जानेवारी

कँटीनमध्ये सगळे मला भागाकारसाहेब म्हणू लागलेत. आदर वाढतोय.

१५ जानेवारी

बंद वॉर्ड वगळून पुन्हा मोजलं. आता खरी भानगड हाती लागली. गुडघे बदलण्याच्या ऑपरेशनला आपल्याकडे सगळ्यात वाईट मूल्यांक. खोलात गेलो तेव्हा कळलं की घोटाळा फिजिओथेरपीत आहे. ज्यांना ऑपरेशननंतर व्यायाम दिला, ते फोनवर सांगतात, फार दुखतं. गुण पाच, सहा. ज्यांनी व्यायामाला नकार दिला, ते पडून असतात आणि म्हणतात, छान चाललंय. गुण नऊ. म्हणजे फिजिओ खर्चही वाढवते आणि गुणही कमी करते. इतकं स्वच्छ उत्तर आयुष्यात क्वचित मिळतं.

फिजिओबाईंना बोलावून आकडे दाखवले. वाटलं होतं, रडतील. त्या उलट माझ्यावरच घसरल्या. म्हणाल्या, तिसऱ्या दिवशी सगळ्यांचाच गुडघा दुखतो, पाय वाकवणाऱ्याचा जास्त दुखतो. तीन महिन्यांनी फोन करा आणि विचारा, जिना कोण चढतंय. मी म्हणालो, बोर्डाची मीटिंग त्याआधी आहे. त्या म्हणाल्या, गुडघ्याला तुमच्या मीटिंगची तारीख कळवलेली नाही. आणि दार आपटून गेल्या.

बोलण्याची पद्धत नाही. गुण दोन.

१८ जानेवारी

निर्णय झाला. गुडघ्याच्या पॅकेजमधून फिजिओ बाहेर. त्याऐवजी घरी जाताना प्रत्येकाला व्यायामाचं रंगीत माहितीपत्रक, गुळगुळीत कागदावर. चित्रं इंटरनेटवरून घेतली. चित्रातला माणूस तरुण आहे आणि धावण्याच्या शर्यतीतला वाटतो, पण उत्साह वाढतो.

फिजिओबाईंचं कंत्राट वाढवलं नाही. खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. हाडांचे डॉक्टर आज मला लिफ्टमध्ये बघून जिन्याने गेले. (लिफ्ट सुरू झाली.) बदल घडवणाऱ्याला एकटं पडावंच लागतं.

२१ जानेवारी

घरी वेगळाच प्रश्न. आईचा उजवा गुडघा. गेले सहा महिने ती लायब्ररीत गेलेली नाही. लायब्ररी पहिल्या मजल्यावर, पोस्टाच्या वर, आणि जिना अरुंद. ही तिला पुस्तकं आणून देते, पण आईला ती आवडत नाहीत. कपाटासमोर उभं राहून, दोन-चार पानं चाळून स्वतः निवडल्याशिवाय तिचं समाधान होत नाही. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, आता म्हणते, मला फक्त गोष्टी वाचायच्यात, आणि त्याही माझ्या पसंतीच्या.

ऑपरेशन करायचं ठरलं. ही म्हणाली, दुसऱ्या हॉस्पिटलात नेऊ. का, असं विचारलं तर नुसतं माझ्याकडे बघितलं. आईनेच विषय संपवला. म्हणाली, पोराच्या हॉस्पिटलात नाही जायचं तर कुठे जायचं.

आई नेहमी माझ्या पाठीशी.

२८ जानेवारी

ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टरांनी हाड कसं बसवलं ते सांगायला सुरुवात केली. मी सुयांचा आणि पट्ट्यांचा खर्च विचारला. ते हात धुवायला निघून गेले.

३१ जानेवारी

आईला घरी आणलं. ॲम्ब्युलन्स न घेता आपल्या गाडीतून, मागच्या सीटवर आडवी. वळणावर तिला जरा त्रास झाला. पण एकूण खर्च बघितला तर आजवरच्या सगळ्या गुडघ्यांमध्ये सर्वात कमी. आता फक्त गुण चांगले आले पाहिजेत. अर्थात मी त्यात पडणार नाही. मोजमाप म्हटलं की नातं बाजूला.

३ फेब्रुवारी

सकाळी चहा घेताना आईला एवढंच सांगितलं की आज हॉस्पिटलातून फोन येईल, तिला वाटेल ते खरं खरं सांगावं, आणि हे आकडे बोर्डासमोर जाणार आहेत, आणि माझी बढती यावर अवलंबून आहे. आई म्हणाली, बरं.

दुपारी फोन करणाऱ्या ऑपरेटरने कळवलं. दहापैकी दहा. मूल्यांक हॉस्पिटलच्या इतिहासात सर्वात जास्त. (इतिहास एका महिन्याचा आहे, पण इतिहास तो इतिहास.)

संध्याकाळी घरी आईसक्रीम नेलं. आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. दमली असणार.

९ फेब्रुवारी

माहितीपत्रकाप्रमाणे आईकडून व्यायाम करून घेतला. मी वाचत होतो, ती करत होती. दुसऱ्याच चित्राला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. थांबवलं. एवढा चांगला गुण मिळालेला गुडघा उगाच दुखवायचा कशाला. म्हटलं, आराम कर. ही म्हणाली, वाकवायलाच हवा, नाहीतर आखडेल. हिला हे कुणी सांगितलं, विचारलं. म्हणाली, फिजिओबाईंना फोन केला होता.

माझ्याच घरात, माझ्या पाठीमागे. फार लागलं मनाला.

२० फेब्रुवारी

चिडचिड चाललीय. हिने ऑफिसातून आजपासून रजा काढलीय. आईला उठवणं, बाथरूमला नेणं, पाय शेकणं. ताईचा परगावाहून रोज फोन, आणि रोज तोच प्रश्न: आई चालते का. चालते म्हटलं की विचारते, किती. पलंगापासून दारापर्यंत म्हटलं की गप्प बसते. तिचं गप्प बसणं मला बोलण्यापेक्षा जास्त झोंबतं.

रात्री जेवताना हिने विचारलं की तिची रजा माझ्या सूत्रात कुठे लिहायची. मी शांतपणे समजावलं की हॉस्पिटलचा खर्च हॉस्पिटलच्या दाराशी संपतो, घरचा त्यात येत नाही, त्याला रकानाच नाही. तिने ताट उचललं आणि आत गेली. मला भाजी वाढायची राहिली होती.

रकाना वाढवायचा म्हटलं तर सगळं पुन्हा मोजावं लागेल. बोर्डाला एक महिना उरलाय. ते शक्य नाही.

५ मार्च

हाडांचे डॉक्टर आज घरी आले. मी बोलावलं नव्हतं. हिने बोलावलं होतं. आईचा पाय हातात धरून हळूहळू वाकवायला लागले. थोडासाच वाकला आणि आई ओठ दाबून बसली. डॉक्टर उठून बाहेर आले आणि म्हणाले, गुडघा आखडलाय. भूल देऊन वाकवावा लागेल, लवकर. मग रोज व्यायाम, आणि या वेळी शिकवणारं माणूस हवं, कागद नव्हे.

मी विचारलं, २० तारखेनंतर केलं तर चालेल का. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच नजर खाली घातली. का घातली कळेना, प्रश्न साधा होता. आईने आतून विचारलं, काय झालं रे. काही नाही, म्हणालो.

१६ मार्च

भूल देण्यासाठी २२ तारीख मिळाली. मध्ये फक्त बोर्ड. एक उत्तम कल्पना सुचली. आकडे सगळेच दाखवतात. मी माणूस दाखवणार. सर्वात कमी खर्च, दहापैकी दहा गुण, आणि ती व्यक्ती समोर हजर. आईला विचारलं, येशील का. तुझं काम होणार असेल तर येते, म्हणाली. ही मध्ये पडली. आईनेच तिला थांबवलं.

प्रेझेंटेशनच्या शेवटी आई व्यासपीठावर येईल, नमस्कार करेल, टाळ्या. सरावाची गरज नाही.

२० मार्च, सायंकाळ

लिहायचा मूड नाही. तरी लिहितो, नोंद राहावी म्हणून.

सुरुवात फार छान झाली. पडद्यावर सूत्र आलं तेव्हा बोर्डाच्या एका सदस्याने मान डोलावली. (नंतर कळलं, डुलकी लागली होती.) गुडघ्याचा आलेख दाखवला. खर्च खाली, गुण वर. मग म्हणालो, या यशाची साक्ष तुमच्यासमोर आहे, आणि आईकडे हात केला.

व्यासपीठाला पायऱ्या आहेत हे मी धरलं नव्हतं. रोज तिथून चढतो-उतरतो, लक्षात कोण ठेवतो. आईने काठी टेकली, डावा पाय वर ठेवला आणि उजवा उचलायला लागली. उचलेना. पुन्हा लावून पाहिला. सगळा हॉल बघतोय. ही पुढे आली तर आईने तिला हाताने मागे सारलं. तिसऱ्यांदा प्रयत्न केला. मग कठड्याला धरून तशीच उभी राहिली, एक पाय वर, एक खाली.

मी माइकवर म्हणालो की आईला भरून आलं आहे.

मोठे साहेब व्यासपीठावरच्या खुर्चीतून उठले, खाली गेले, आईला धरून खुर्चीवर बसवलं. मग त्यांनी विचारलं, बाई, तुम्ही खरंच दहा गुण दिले होते का. आई म्हणाली, हो दिले. साहेबांनी विचारलं, कशाचे. आई म्हणाली, शाळेत एखादा मुलगा मेहनत करायचा पण उत्तर चुकायचं, त्याला आम्ही ग्रेस द्यायचो. हा माझा मुलगा आहे. त्याची नोकरी होती. मी ग्रेस दिले.

थोडे लोक हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी मला प्रोजेक्टर बंद करायला सांगितला. मला बटण सापडेना, त्यामुळे सगळे उठून गेले तरी पडद्यावर दहापैकी दहा तसंच होतं.

गाडीतून परत निघालो. घराजवळ आल्यावर मी आईला म्हणालो, तू मला आधी सांगायला हवं होतंस. ती म्हणाली, तू विचारलंच कधी, ऑपरेटरने विचारलं.

२२ मार्च

आईला पुन्हा भरती केलं. भूल देऊन गुडघा वाकवला. बाहेर बसलो होतो. दार बंद होतं, तरी तिला दुखत असणार असं सारखं वाटत होतं. भुलीत दुखत नाही, हे मला माहीत आहे. तरी वाटत होतं.

दुपारी एक गोष्ट लक्षात आली. कॉम्प्युटरने ही भरती नवीन पेशंट म्हणून धरलीय. म्हणजे पहिल्या ऑपरेशनचा मूल्यांक जसाच्या तसा. अजूनही पहिला. तत्काळ साहेबांना ईमेल केला की तांत्रिकदृष्ट्या माझं मोजमाप कुठेही चुकलेलं नाही.

२५ मार्च

ईमेलचं उत्तर आलं. एकाच ओळीचं. एक तारखेपासून मी पार्किंग बघायचं. सोबत परिपत्रक: गुडघ्याच्या पॅकेजमध्ये फिजिओ परत येणार, आणि फोन तिसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या महिन्यात, दोनदा होणार. घरच्या माणसांची रजाही विचारणार. सगळं माझंच सूत्र, दोन-चार फरक करून. माझं नाव कुठेही नाही.

पार्किंगमध्येही मूल्यांक काढता येईल. गाडी किती वेळ थांबते, भागिले जागा. पण आत्ता नको.

२ एप्रिल

फिजिओबाई आज घरी आल्या. हॉस्पिटलमध्ये त्यांना परत बोलावलंय, पण घरच्या पेशंटसाठी त्या वेगळे पैसे घेतात. किती घेतात ते लिहीत नाही. पूर्ण पॅकेजमध्ये त्यांचा जेवढा खर्च धरला होता त्याच्या कितीतरी पट, आणि सगळा माझ्या खिशातून.

मी रात्रभर उत्तरं तयार केली होती. त्या टोमणा मारणार, हे नक्की होतं. त्यांनी एकही मारला नाही. आत आल्या, हात धुतले, आईचा पाय मांडीवर घेतला आणि मला सांगितलं, टाच धरा, सोडू नका. मी धरली. आई ओरडली. मी सोडली. त्या म्हणाल्या, परत धरा. अर्धा तास असंच. माझी सगळी उत्तरं फुकट गेली.

८ एप्रिल

टाच सोडत नाही आता. आईला दुखतं आणि तिच्या तोंडाकडे बघवत नाही, म्हणून भिंतीकडे बघतो. फिजिओबाई म्हणाल्या, तिच्या तोंडाकडे बघा, किती दाबायचं ते तिथेच कळतं.

पार्किंगमध्ये आज दोन गाड्या एकमेकींना घासल्या. दोघे मालक माझ्यावर ओरडले.

१७ एप्रिल

आई आज घराबाहेर पडली. फिजिओबाईंनी सांगितलं होतं, जमेल तेवढं चालायचं, मागे एकाने घडीची खुर्ची घेऊन जायचं. ते काम माझ्याकडे आलं. रजा टाकली. ही आज तिच्या ऑफिसला गेली, जवळजवळ दोन महिन्यांनी.

आई थकल्याचं सांगत नाही. दमली की नुसती थांबते, आणि तेवढ्यात मागे खुर्ची आली पाहिजे. दोनदा मला उशीर झाला. एकदा मी पार्किंगच्या फोनवर होतो. आई काठीवर भार देऊन उभी राहिली, मागे वळून पाहिलं नाही. फोन कापला आणि खुर्ची मांडली.

असं करत पोस्टापर्यंत गेलो. आई जिन्याखाली उभी राहून वर बघत होती. वरून कुणी पुस्तकं घेऊन उतरलं, तिने बाजूला सरून वाट दिली. कठड्याला हात लावला, पहिल्या पायरीवर डावा पाय ठेवला, तेवढ्यावर थांबली आणि परत खाली घेतला. मी म्हणालो, मी वर जातो, तू नाव सांग, आणतो. ती म्हणाली, नको, मला निवडायचंय.

मग खुर्चीवर बसली आणि विचारलं, वर जायला मला कधी जमेल रे.

एरवी माझ्याकडे आकडा असतो. माहीत नाही, म्हणालो.

बरं, म्हणाली. मी खुर्चीची घडी केली, आणि बदलायला आणलेलं जुनं पुस्तक तसंच तिच्या पिशवीत घेऊन घरी आलो.